माळ्यावरचा अड्डा

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या माळ्यावर एक खलनायक राहायला आला. वय वर्षं १३, नुकताच सातवीच्या परीक्षेतून सुटलेला, आमचाच थोरला. हाताखाली ९ वर्षांची धाकटी बहीण. जुन्या चादरीचा पडदा, चार्जिंगची बॅटरी, सिंहासन म्हणून पत्र्याची ट्रंक, आणि शिडीच्या वरच्या पायरीला टांगलेली पुठ्ठ्याची पाटी: 'गुप्त अड्डा. विनापरवाना येणाऱ्यास मगरींपुढे टाकण्यात येईल.' मगरी काही नव्हत्या. एक मांजर होती, तीही उकाड्याने चारी पाय पसरून पडलेली.

यात दोष मुलांच्या अब्बूंचा. सुट्टीत आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांबरोबर जुना सिनेमा पाहायचा, असं त्यांनी कबूल केलं आणि सिनेमे निवडले ते सगळे आपल्या लहानपणचे. त्यांच्या मते आजकालच्या सिनेमात खलनायक ऑफिसात बसतो, त्यात काय मजा? खलनायकाला अड्डा पाहिजे. 'शोले'चा गब्बर कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत राहत होता, डोक्यावर छप्पर नाही, तरी रुबाब काय! पुढे १९८० मध्ये 'शान'चा शाकाल आला. त्याचं बेट, त्याचं फिरतं टेबल. १९८७ मध्ये मोगॅम्बो आला, त्याचंही बेटच, वर उकळत्या तेजाबाचं कुंड. या साऱ्यांचा थोरला भाऊ मात्र परदेशी. १९६७ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात जपानमधल्या ज्वालामुखीच्या पोटात अड्डा आहे. वरून पाहावं तर तळं, आणि तळं सरकलं की खाली हेलिकॉप्टर उतरायची जागा, छोटी रेल्वे, अग्निबाण, सगळं. केन अॅडम नावाच्या कलादिग्दर्शकाने तो लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत उभा केला, सुमारे १० लाख डॉलर खर्चून. त्या काळात एवढ्या पैशात अख्खा सिनेमा व्हायचा. कादंबरीत जपानच्या किनाऱ्यावरचा किल्ला होता. तसा किल्ला शोधत ही मंडळी हेलिकॉप्टरने जपानभर हिंडली, मिळाला नाही, आणि क्यूशूमधले ज्वालामुखी पाहून त्यांना ही कल्पना सुचली.

कोकणातल्या माणसाला किनाऱ्यावर किल्ला सापडत नाही याचं नवल वाटतं. आमच्या जंजिऱ्याला आले असते तर पाण्यातला किल्ला मिळाला असता आणि वर दरवाजाही असा, की होडी तटाला भिडेपर्यंत दिसत नाही. असो.

तर एका रात्री शाकाल टेबलापाशी बसला असताना थोरल्याने विचारलं, "अब्बू, एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करतं?"

अब्बू गप्प. आम्ही मात्र खूश. आजवर कुणाला न पडलेला प्रश्न आमच्या पोराला पडला होता. खरंच, बेटावर शेदोनशे माणसं, सगळी एका गणवेशात, हातात बंदुका. भाजी कुठून येते? भांडी कोण घासतं? मोगॅम्बो खूश होतो तो जेवून झाल्यावर की आधी? धाकटीने निकाल दिला: "ते लोक नूडल्स खात असणार. पाणी उकळलं की झालं."

पोरीने थट्टेत म्हटलं ते एका अर्थी खरं घडलेलं आहे, तेही जपानमध्येच. १९७२ च्या फेब्रुवारीत 'युनायटेड रेड आर्मी' या हिंसक गटातले पाच जण पोलिसांपासून पळत नागानो प्रांतातल्या एका डोंगरी विश्रामगृहात घुसले आणि तिथल्या बाईला ओलीस धरून दहा दिवस बसले. बाहेर पोलिसांचा वेढा, हाडं गोठवणारी थंडी, शून्याच्या खूप खाली गेलेला पारा. पोलिसांसाठी आणलेले जेवणाचे डबे गोठून दगड होऊ लागले. मग त्यांना आदल्याच वर्षी बाजारात आलेले कपातले नूडल्स दिले गेले. उकळतं पाणी ओतायचं, तीन मिनिटं थांबायचं. टीव्हीवर सारा जपान हा वेढा पाहत होता. वाफाळते कप हातात धरून उभे असलेले पोलीस घराघरात दिसले आणि तोवर फारसा न खपणारा तो कप देशभर माहीत झाला. बाई सुखरूप सुटली. पण दोन पोलीस आणि एक नागरिक जिवाला मुकले, आणि नंतर उघड झालं की या गटाने डोंगरातल्या आपल्या लपायच्या तळांवर आपल्याच डझनभर साथीदारांना हाल करून मारलं होतं. त्या तळांवर ना फिरतं टेबल होतं ना सरकणारं तळं. बर्फ, लाकडी झोपड्या आणि भीती. ही हकीकत मुलांना सांगताना आम्ही शेवटचा भाग गाळला. थोरल्याने तो नंतर स्वतः शोधून वाचला, हेही नंतर कळलं. त्या सुट्टीत त्याने शोधून वाचलेलं आणखीही काही होतं. ते पुढे येईलच.

आधी या नूडल्सच्या बापाविषयी सांगायला हवं, कारण त्याचाही एक अड्डाच होता. मोमोफुकु आंदो. जन्म १९१० चा, जपानच्या ताब्यातल्या तैवानमधला. महायुद्धानंतर ओसाकाच्या काळ्या बाजारात एका रामेनच्या गाडीपुढे थंडीत कुडकुडत उभी असलेली लोकांची रांग त्याने पाहिली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढे तो ज्या पतसंस्थेचा प्रमुख होता ती बुडाली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, राहतं घर सोडून सगळं गेलेलं. ओसाकाजवळच्या इकेदा गावी घराच्या परसात त्याने एक शेड उभारली, नूडल्सचं जुनं यंत्र आणलं, आणि वर्षभर पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत त्या शेडमध्ये एकटा राबला. नूडल्स वाळवायचे, पण पाणी घालताच पुन्हा ताजे व्हायला हवेत, हे काही जमेना. एक दिवस बायको तेलात भाजीची भजी तळत होती. पिठातलं पाणी बुडबुडे होऊन निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात, हे त्याने पाहिलं. नूडल्स तळले. पाणी गेलं, छिद्रं राहिली. उकळतं पाणी ओतल्यावर त्याच छिद्रांतून ते परत आत शिरलं. २५ ऑगस्ट १९५८ ला पहिलं पाकीट विक्रीला आलं, किंमत ३५ येन. ताज्या नूडल्सचा गोळा तेव्हा ६ येनला मिळायचा, म्हणजे गरिबांचं म्हणून आज ओळखलं जाणारं हे खाणं जन्मलं तेव्हा चैनीचं होतं. आजही पाकीट फोडल्यावर जो नूडल्सचा चौकोनी लगदा हाती येतो, तो बहुधा तळलेलाच असतो. आमच्या शेजारच्या खाला म्हणतात, "आम्ही तेलकट खात नाही, मुलांना नूडल्स देतो." त्यांना हे सांगायचं धाडस आम्हाला अजून झालेलं नाही.

पहिलं पाकीट कोंबडीच्या रश्श्याचं होतं. आंदोने पुढे लिहून ठेवलं की हिंदू गाय खात नाहीत, मुसलमान डुक्कर खात नाहीत, पण कोंबडी वर्ज्य असलेला धर्म नाही, म्हणून ते पाकीट कुठल्याही देशात जाऊ शकलं. माणूस हुशार होता यात शंका नाही. आपल्या घरात मात्र प्रश्न तिथे संपत नाही. कोंबडी चालते, पण ती जबह कशी झाली? आणि पुडीत नुसती कोंबडीच आहे का?

या दुसऱ्या प्रश्नाने आमच्या घरी जे झालं, ते सांगण्यासाठीच हा महिन्याचा मजकूर.

आमचा भाचा जहाजावर असतो. कोकणातल्या मुसलमान घरांत हे नवं नाही, प्रत्येक मोहल्ल्यात चार तरी दर्यावर्दी निघतील. एप्रिलमध्ये तो सुट्टीवर आला तो योकोहामाच्या दुकानातून नऊ पाकिटं रामेन घेऊन. सोनेरी पाकीट, वर वाडग्याचं चित्र, त्यात अर्धं अंडं आणि हिरवी कांद्याची पात. "मामी, दुकानदाराला चिकन का म्हणून विचारून घेतलंय, त्याने मान हलवली," असं त्याने आवर्जून सांगितलं. त्या रात्री दोन पाकिटं शिजली. मुलांची दादी, म्हणजे आमच्या सासूबाई, असल्या खाण्याला तोंड लावत नाहीत, पण नातवाने चमचा पुढे केला तेव्हा त्यांनीही दोन घोट रस्सा घेतला आणि म्हणाल्या, "बरंय की. पायांच्या रश्श्यासारखं दाट लागतं."

दाट लागलं होतं, ते का, हे पुढे कळायचं होतं.

चार दिवसांनी उरलेली सात पाकिटं फडताळातून गायब. आम्ही थोरल्याला विचारलं. त्याने खाली पाहिलं. "खाल्लीस?" उत्तर नाही. माळ्यावर अड्डा, अड्ड्यावर जायला कुणाला परवानगी नाही, आणि पाकिटं गायब, यावरून निष्कर्ष काढायला आम्हाला वेळ लागला नाही. रात्री आम्ही झोपल्यावर वर बसून कच्चे नूडल्स चावून खात असणार. तशी सवय त्याला होतीही, आणि ती कुठून लागली हे आम्हालाच सगळ्यात जास्त माहीत.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा आम्ही याच माळ्यावर होतो. पहाटे अंगणात पाणी, उजाडेपर्यंत ओटा गेला, मग आम्ही सासूबाईंना उचलून शिडीने वर चढवलं. खाली कपाट तरंगताना ऐकू येत होतं. चूल नाही, वीज नाही, प्यायला मोजकं पाणी. धाकटी पाच वर्षांची, थोरला नऊचा. घाईत वर टाकलेल्या पिशवीत बिस्किटांचे पुडे आणि नूडल्सची पाच-सहा पाकिटं निघाली. ते नूडल्स आम्ही मोडून, वर मसाला भुरभुरून कोरडेच खाल्ले. थोरल्याने त्या दिवशी रडणाऱ्या बहिणीला एकेक तुकडा मोजून भरवला. तेव्हापासून माळा म्हणजे त्याच्या लेखी घरातली सर्वांत भरवशाची जागा.

हे सगळं माहीत असून आम्ही त्याला चोर म्हणालो. एकदा नाही, दहा-बारा दिवसांत तीन-चारदा. खाऊचे पैसे बंद केले. सिनेमाची संध्याकाळ बंद केली. अब्बूंनी दोन बोल सुनावले. पोरगा ऐकून घ्यायचा आणि शिडी चढून वर जायचा. दस्तरखानावर त्याने दादीशेजारची आपली जागा सोडली आणि टोकाला बसू लागला, हे आमच्या लक्षात आलं होतं. आम्हाला वाटलं, फुगलाय.

पावसाळ्याआधी माळा झाडायचा म्हणून एके सकाळी आम्ही वर गेलो. ट्रंकेत रजया होत्या. रजयांच्या खाली, जुन्या लुंगीत गुंडाळून, सातही पाकिटं. एकही फोडलेलं नाही. वर वहीचा कागद, त्यावर त्याच्या अक्षरात: 'डुकराचा अर्क. डुकराची चरबी. कोंबडीचा अर्क. सोया सॉस.' आणि खाली: 'दादीला सांगू नये.'

आम्ही ट्रंकेवरच बसलो.

झालं होतं असं. पाकिटावरची चित्रलिपी काय म्हणते हे पाहायला त्याने आमच्याच फोनचा कॅमेरा मागच्या बाजूवर धरला होता. फोन भाषांतर करून देतो. ते वाचून पोराचे हातपाय गार पडले. पाकिटं कुणी पुन्हा शिजवू नयेत म्हणून लपवली. फेकायला गेलो तर कुणी विचारेल, म्हणून फेकली नाहीत. सांगितलं तर दादीला कळेल. तिचं ब्लडप्रेशर आधीच वर, आणि चमचा त्याने स्वतः पुढे केलेला. १३ वर्षांच्या मुलाने ही गोष्ट जवळजवळ दोन आठवडे एकट्याने पोटात ठेवली. चोर ठरला, तरी बोलला नाही.

"आधी आम्हाला का नाही सांगितलंस?" असं विचारल्यावर म्हणाला, "अम्मी, तुम्ही 'खाल्लीस का' एवढंच विचारत होता. 'कुठे आहेत' असं कुणी विचारलंच नाही."

दादीला सांगायचं की नाही यावर आमची आणि अब्बूंची रात्रभर चर्चा झाली. शेवटी आम्हीच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. उठून मोरीवर गेल्या, चूळ भरली, परत येऊन बसल्या. म्हणाल्या, "आपल्याला ठाऊक नव्हतं. नियत अल्लाह जाणतो. तौबा करू, भांडी नीट धुऊन घ्या." मग आवाज चढला. "पण माझ्या पोराला चोर कोण म्हणालं?"

मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनीही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं: अजाणता घडलं त्याचा बोजा नाही, कळल्यावर हात थांबला पाहिजे. थांबला होता. आमच्या घरात फक्त एकाचा थांबला होता. पाकिटं घंटागाडीत गेली. भाच्याला कळवलं तर बिचारा फोनवर रडकुंडीला आला. त्याला आम्ही म्हटलं, दुकानदार खोटं बोलला नाही. चिकन होतंच, त्याच्या शेजारी आणखी कोण बसलंय हे तू विचारलं नाहीस. आम्ही तर पाकीट उलटंही केलं नव्हतं.

त्यानंतरचे काही दिवस माय-लेकरांनी मिळून वाचण्यात घालवले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी परदेशातून माणसं येतात, किंवा ज्यांची मुलं हल्ली कोरियन मालिका पाहून तिथल्या नूडल्सचा हट्ट धरतात, त्यांना उपयोगी पडेल म्हणून त्यातलं काही सांगतो.

जपानी रामेनच्या पाकिटावर पुढे जी नावं असतात त्यांत 'तोन्कोत्सु' म्हणजे सरळ डुकराच्या हाडांचा रस्सा. ते कळलं की बाजूला ठेवता येतं. फसगत होते ती बाकीच्यांत. 'शोयु' म्हणजे सोया सॉस, 'शिओ' म्हणजे मीठ, 'मिसो' म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण. ऐकायला तिन्ही शाकाहारी. पण ही वरच्या चवीची नावं आहेत, खालचा रस्सा कशाचा हे ती सांगत नाहीत, आणि तो बरेचदा डुकराचा किंवा मिश्र असतो. अंड्याचं चित्र तर काहीच सांगत नाही. जपानी पाकिटांवर बहुधा अॅलर्जी असणाऱ्यांसाठी घटकांची एक वेगळी चौकट असते. फोनचा कॅमेरा आधी तिथे धरावा. डुकराचं मांस, जिलेटिन तिथे सहसा नोंदलेलं सापडतं. तिथे नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, घटकांची पूर्ण यादीही वाचावी. चरबी 'लार्ड' या नावाने येते. 'मिरिन' ही तांदळाची गोड दारू, तीही चवीला घालतात.

त्यापेक्षा सोपं म्हणजे ओळखीचा हलाल शिक्का पाहणं. मलेशियाचा सरकारी शिक्का, इंडोनेशियाचा शिक्का, कोरियातल्या मुस्लिम संघटनेचा शिक्का, हे अनेक पाकिटांवर दिसतात. यातही एक मेख आहे. एकाच कंपनीचं, एकाच रंगाचं पाकीट त्या देशात विकायला वेगळं आणि बाहेर पाठवायला वेगळं असू शकतं. मैत्रिणीकडच्या पाकिटावर शिक्का होता म्हणून आपल्या हातातल्यावर असेलच असं नाही. प्रत्येक वेळी उलटून पाहणं आलं.

आपल्याकडचा हिरवा ठिपका पुष्कळ काम सोपं करतो. हिरवा ठिपका असेल तर त्यात मांस, मासे, प्राण्यांची चरबी नाही. तपकिरी खूण मात्र एवढंच सांगते की प्राणिज काही आहे. कोणता प्राणी आणि कसा कापलेला, हे ती सांगत नाही. रीतसर आयात झालेल्या पाकिटावर इथल्या आयातदाराचा कागद चिकटवलेला असतो, त्यावर ही खूण असते. बॅगेतून आलेल्या पाकिटावर ती असणारच कशी? आमच्या सोनेरी पाकिटावर नव्हती, आणि ती नाही हे आमच्या ध्यानातही आलं नाही.

यादीतल्या आकड्यांना मुलं फार घाबरतात. ६२१ म्हणजे अजिनोमोटो. ४७१ हा तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ, तो वनस्पतीपासूनही होतो आणि चरबीपासूनही. ६३१ चंही तसंच. हिरवा ठिपका किंवा हलाल शिक्का असेल तर या आकड्यांवरून झोप घालवू नये; दोन्ही नसतील तर पाकीटच घेऊ नये. पोटॅशियम कार्बोनेट, सोडियम कार्बोनेट पाहून धाकटी किंचाळली, "अम्मी, सोडा!" तो हवाच. त्या क्षारांनीच रामेनला पिवळसर रंग आणि दाताखाली लवचीकपणा येतो. शेवया आणि रामेन यांत तोच तर फरक.

हलालचा प्रश्न सुटल्यावर मिठाचा उरतो, आणि आमच्या मते घरात ब्लडप्रेशरचं माणूस असेल तर तो काही लहान नाही. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्याला अडीचने गुणून हजाराने भागलं की मीठ किती ग्रॅम ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. सोडियम १६०० असेल, आणि रस्सेदार रामेनमध्ये ते सहज असतं, तर एका वाडग्यात ४ ग्रॅम मीठ झालं. आकडा १०० ग्रॅमचा दिलाय की पूर्ण पाकिटाचा, तेही पाहावं. आपलं छोटं पाकीट ७० ग्रॅमच्या आसपास असतं, कोरियन १२० ते १४० पर्यंत जातं, त्यामुळे १०० ग्रॅमचा आकडा वाचून फसायला होतं. मीठ बरंचसं पुडीत आणि रश्श्यात असतं. पुडी अर्धी घालावी, रस्सा उरला तर उरू द्यावा. रमजानमध्ये सहरीला झटपट म्हणून नूडल्स करणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावं. दुपारी घसा कोरडा पडतो तेव्हा पोरं उन्हाला दोष देतात.

तिखटाचं म्हणाल तर डेन्मार्कच्या अन्नखात्याने २०२४ च्या जूनमध्ये कोरियन नूडल्सचे तीन अतितिखट प्रकार दुकानांतून परत मागवले होते. मुलांना अपाय होईल एवढं तिखट त्यात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात त्यांतल्या दोन प्रकारांवरची मनाई उठली. आम्ही कोल्हापुरी नसलो तरी मिरचीला भिणारे नाही. पण शर्यत लावून खायचं ते खाणं नव्हे, एवढं आमच्याकडे ठरलं आहे.

मग चांगलं पाकीट कोणतं? आमचं उत्तर ऐकून कुणाला फार नवं वाटणार नाही. धाकटे दीर जेद्दाहला असतात, ते येताना इंडोमी आणतात. १९७२ मध्ये इंडोनेशियात सुरू झालेली ही नूडल्स सौदीतही तयार होते आणि तिथल्या प्रत्येक बकाल्यात मिळते. तिच्या कोरड्या प्रकारात रस्सा नसतो. पाणी ओतून टाकायचं, मग गोडसर सोया सॉस, तेल, तळलेला कांदा कालवायचा. चीनखालोखाल जगात सर्वांत जास्त इन्स्टंट नूडल्स खाणारा देश इंडोनेशिया, तेव्हा त्यांना यातलं कळत असणार. रस्साच हवा असेल तर आम्ही हलाल शिक्क्याचं किंवा हिरव्या ठिपक्याचं पाकीट घेतो, पुडी अर्धी ठेवतो आणि घरचा कोंबडीचा किंवा पायांचा रस्सा उकळून त्यात नूडल्स सोडतो. वर अंडं, कांद्याची पात, लिंबू. पाकिटाची तारीख जवळ आली असेल तर आधी वास घ्यावा. तळलेलं तेल खवट झालेलं नाकाला लगेच कळतं.

सिनेमाची संध्याकाळ पुन्हा सुरू झाली आहे. थोरला दादीशेजारी परत बसायला लागला, त्याला मात्र आणखी चार दिवस लागले. आम्ही त्याची माफी मागितली तेव्हा तो लाजून माळ्यावर पळाला, अब्बूंनी मागितली तेव्हा म्हणाला, "मग या शुक्रवारी ज्वालामुखीवालाच सिनेमा."

अड्ड्याची पाटी बदलली आहे. आता तिथे लिहिलंय 'तपासणी नाका'. दुकानातून किंवा पाहुण्यांकडून आलेलं प्रत्येक पाकीट दोरीला बांधलेल्या परडीतून वर जातं आणि मागच्या बाजूला पेन्सिलीची बरोबर किंवा चूक अशी खूण घेऊन खाली येतं. गेल्या आठवड्यात आम्ही स्वतः हौसेने आणलेलं पाकीट फुली मारून परत आलं. शिक्का होता, तारीख नीट होती. खाली लिहिलं होतं, 'मीठ ४.६ ग्रॅम. दादीला नाही.'

दादीने चष्मा लावून ते वाचून घेतलं आणि शिडीखालून वर हाक मारली, "अरे, मग अर्धी पुडी घालून दे की!"